श्रोत्यांचे प्रश्न : सीडी प्लेअर पुरेसा की स्वतंत्र डॅक हवा?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : घरातील ध्वनिसंचात सीडी प्लेअरचाच अंतर्गत डॅक वापरावा, की डिजिटल संकेताचे अॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे स्वतंत्र उपकरण, म्हणजे बाहेरचा डॅक, जोडावा? म्हणून इतर विषयांवरची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवून या सदराची सर्व जागा याच विषयाला दिली आहे. प्रश्न आवश्यक तेथे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : माझा सीडी प्लेअर सुमारे पंधरा वर्षांचा असून उत्तम चालतो. अलीकडे त्याच्या डिजिटल आउटपुटला एक नवा डॅक जोडला, तेव्हा आवाज अधिक मोकळा आणि स्पष्ट वाटला. घरातील इतरांनाही फरक जाणवला. हा फरक खरा मानावा का?

उत्तर : फरक जाणवला हे खरेच आहे; तो कशामुळे जाणवला हे मात्र अजून ठरायचे आहे. सीडी प्लेअरच्या एकाच पेटीत तीन वेगवेगळी कामे चालतात. लेझरने तबकडीवरील माहिती वाचणे हे पहिले, त्या माहितीचे अॅनालॉग संकेतात रूपांतर करणे हे दुसरे, आणि तो संकेत अँप्लिफायरला देण्याजोगा करणे हे तिसरे. आपण डिजिटल आउटपुट वापरता तेव्हा पहिले काम जुन्या प्लेअरकडेच राहते आणि उरलेली दोन कामे नव्या डॅककडे जातात. त्यामुळे आपली तुलना ‘सीडी प्लेअर विरुद्ध डॅक’ अशी नसून ‘एक डॅक विरुद्ध दुसरा डॅक’ अशी आहे, आणि दोन्हींना मिळणारी माहिती तंतोतंत एकच आहे.

आता सर्वांत आधी शंका घ्यावी ती ध्वनिपातळीची. सीडी प्लेअरचे कमाल आउटपुट रूढीने २ व्होल्ट असते. स्वतंत्र डॅकमध्ये ते अनेकदा याहून थोडे अधिक ठेवलेले असते आणि बॅलन्स्ड आउटपुटवर तर ते बहुधा ४ व्होल्ट असते. एका उपकरणातून २ आणि दुसऱ्यातून २.५ व्होल्ट येत असतील, तर पातळीत जवळजवळ २ डेसिबलचा फरक पडतो. एवढा फरक कानाला ‘आवाज वाढला’ असा जाणवेलच असे नाही. तो ‘आवाज उघडला’, ‘खर्ज भरीव झाला’, ‘बारकावे दिसू लागले’ अशा रूपांत जाणवतो, कारण पातळी वाढली की अगदी खालच्या सुरांबाबतची कानाची संवेदनक्षमता मधल्या सुरांच्या तुलनेत अधिक वेगाने वाढते. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समश्राव्यता वक्रांपासून ही गोष्ट ज्ञात आहे, आणि तरीही दुकानातील बहुतेक प्रात्यक्षिकांत तिच्याकडे दुर्लक्ष होते. ते प्रत्येक वेळी अनवधानानेच होते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आपल्याकडे मात्र उत्तम चाचणी घेण्याची सोय आधीच आहे. बहुतेक प्लेअर अॅनालॉग आणि डिजिटल आउटपुट एकाच वेळी चालू ठेवतात. प्लेअरचे अॅनालॉग आउटपुट अँप्लिफायरच्या एका इनपुटला आणि डॅकचे आउटपुट दुसऱ्या इनपुटला जोडावे, म्हणजे एकच तबकडी दोन मार्गांनी एकाच वेळी वाजते आणि केवळ निवडबटण फिरवून तुलना करता येते. डॅकमध्ये काही मिलिसेकंदांचा विलंब होतो, पण ऐकताना तो आड येत नाही. त्यानंतर ४०० हर्ट्झच्या आसपासचा स्थिर स्वर असलेली चाचणी तबकडी लावून, आवाज बेताचा ठेवून, स्पीकरच्या टोकांवरील एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे आणि दोन्ही मार्गांचे वाचन एक टक्क्याच्या आत जुळवावे. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल. साध्या मीटरची अचूकता फारशी नसली तरी चालते, कारण दोन्ही वेळा स्वर तोच असल्याने मीटरची चूकही तीच राहते. काळजी एवढीच घ्यावी की मीटरच्या दोन सळ्या एकमेकींना टेकून अँप्लिफायरचे आउटपुट शॉर्ट होऊ नये. पातळी जुळवण्यासाठी डॅकमध्ये डिजिटल व्हॉल्यूम असेल तर तो वापरावा. अँप्लिफायरमध्ये प्रत्येक इनपुटची पातळी वेगळी ठरवता येत असेल तर काम आणखी सोपे होते.

पातळी जुळल्यावर निवडबटण दुसऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावे आणि कोणता मार्ग चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. क्रम नाणेफेकीने ठरवावा. १६ वेळा विचारून किमान १२ उत्तरे बरोबर आली, तर ते केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, आणि मग फरक खरा मानायला हरकत नाही. ८-९ बरोबर आली, तर उत्तरे अंदाजाने दिलेली आहेत असे समजावे. घरातील इतरांनाही फरक जाणवला, हा पुरावा या चाचणीपुढे टिकत नाही, कारण पातळीतील फरक त्यांच्याही कानांवर तोच परिणाम करतो.

माझा अंदाज असा की पातळी जुळताच फरक नाहीसा होईल किंवा ओळखू न येण्याइतका कमी होईल. तो टिकलाच, तर त्याचे कारण बहुधा रूपांतराच्या चिपमध्ये नसून तिसऱ्या टप्प्यात सापडेल : जुन्या प्लेअरच्या आउटपुट मार्गातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतील, एका बाजूची पातळी खाली गेलेली असेल, किंवा नव्या डॅकमध्ये वरच्या सुरांना हळूहळू उतरवणारे फिल्टर निवडलेले असेल. अशा वेळी फरक खरा असतो आणि डॅक ठेवून घेणे योग्य ठरते.

प्रश्न : प्लेअर आणि डॅक यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल घ्यावी की कोअॅक्शियल? जिटरमुळे स्वतंत्र डॅकचा आवाज बिघडतो, असे वाचले आहे.

उत्तर : सोनी आणि फिलिप्स यांनी आखलेल्या या डिजिटल जोडणीत सॅम्पल (ध्वनीची ठरावीक अंतराने घेतलेली मोजमापे) आणि त्यांची वेळ दाखवणारा क्लॉक एकाच प्रवाहात गुंफलेले असतात. डॅकला त्या प्रवाहातून क्लॉक पुन्हा वेगळा काढावा लागतो, आणि तो काढताना वेळेत पडणारी सूक्ष्म चलबिचल म्हणजे जिटर. एकाच पेटीतील प्लेअरमध्ये क्लॉक डॅकशेजारीच असल्याने हा प्रश्न तत्त्वतः सोपा होतो, हे मान्य करायला हवे. सुरुवातीच्या काही स्वतंत्र डॅकमध्ये क्लॉक वेगळा काढणारे सर्किट कच्चे होते आणि जिटरची कुप्रसिद्धी तेव्हापासूनची आहे. आजच्या नीट बनवलेल्या डॅकमध्ये जिटरमुळे उद्भवणारे अनाहूत स्वर संगीताच्या पातळीच्या शंभर डेसिबलहून अधिक खाली असतात. खोलीतील पंख्याचा आवाजदेखील त्यांना सहज झाकून टाकतो.

येथे एक गैरसमज वारंवार भेटतो, तो म्हणजे तबकडी फिरवणारी मोटर जितकी स्थिर तितका आवाज चांगला. सीडी मुळातच बदलत्या वेगाने फिरते; आतल्या कडेला मिनिटाला साधारण ५०० फेरे आणि बाहेरच्या कडेला साधारण २००. वाचलेली माहिती आधी एका तात्पुरत्या स्मृतीत साठते, तिच्यातील चुका दुरुस्त होतात आणि मग ती क्लॉकमधील क्रिस्टलच्या ठेक्यावर बाहेर पाठवली जाते. मोटरची चाल त्या ठेक्यापर्यंत पोहोचतच नाही. ओरखड्यांचेही तसेच आहे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा खंड दुरुस्ती-संकेताच्या साहाय्याने पूर्णपणे भरून निघतो, म्हणजे मूळ माहिती अचूक परत मिळते. त्याहून मोठा खंड पडला तर प्लेअर शेजारच्या सॅम्पलांवरून अंदाज बांधतो आणि तेही अशक्य झाले तर क्षणभर गप्प होतो. या प्रकारच्या बिघाडात टकटक ऐकू येते किंवा आवाज तुटतो. ‘आवाज थोडा पातळ झाला’ असा परिणाम त्यातून होत नाही.

केबलच्या निवडीत व्यावहारिक बाजू महत्त्वाची आहे. ऑप्टिकल केबलमधून वीज वाहत नसल्यामुळे दोन उपकरणांची अर्थिंग जोडली जाऊन येणारी घरघर टळते, म्हणून घरघर असेल तर ती घ्यावी. तिला तीव्र बाक मात्र देऊ नये. कोअॅक्शियल केबल ७५ ओहमची असावी, एवढेच पुरे; जुन्या व्हिडिओ जोडणीची चांगल्या स्थितीतील पिवळ्या टोकाची केबलही हे काम करते.

प्रश्न : २४-बिट आणि १९२ किलोहर्ट्झ क्षमतेच्या डॅकमधून वाजवल्यास सीडीचा दर्जा तेवढा होतो का?

उत्तर : नाही. सीडीवर १६-बिट (प्रत्येक सॅम्पलची बारकाई) आणि ४४.१ किलोहर्ट्झ (सॅम्पलांचा दर) एवढीच माहिती असते आणि जे मुद्रितच झालेले नाही ते डॅक निर्माण करू शकत नाही. तरीही यामुळे खंतावण्याचे कारण नाही. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलची व्याप्ती मिळते, जी घरातील खोलीच्या शांततेपासून असह्य आवाजापर्यंतच्या अंतराला पुरून उरते. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च क्षमतेच्या ध्वनिमुद्रणाच्या मार्गात सीडीच्या दर्जाचे रूपांतर घातले होते. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी. २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात रीस यांनी अशा १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लहानसा पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा फरक दिसला, आणि प्रशिक्षित श्रोत्यांत तो वाढलेला आढळला. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर सामान्य श्रोत्याने केवळ या आकड्यांसाठी डॅक बदलू नये, असेच मी सुचवेन.

प्रश्न : १९८० च्या दशकातील ‘मल्टिबिट’ (सॅम्पलचे सर्व बिट एकदम रूपांतरित करणाऱ्या) चिपचे प्लेअर आजच्या डॅकपेक्षा अधिक संगीतमय वाजतात, असे जुने शौकीन सांगतात. तसेच ओव्हरसॅम्पलिंग न करणारे डॅक ‘नैसर्गिक’ असल्याचे म्हटले जाते. यात तथ्य किती?

उत्तर : या प्रश्नामागचा इतिहास रंजक असल्याने थोडे सविस्तर लिहितो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये बाजारात आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ या प्लेअरमध्ये १६-बिटचा एकच डॅक होता आणि तो डाव्या-उजव्या बाजूंसाठी आळीपाळीने वापरला जात असे. परिणामी एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राहायची. हे ऐकून आज काहींचे डोळे विस्फारतील; पण तेवढ्या वेळात ध्वनी केवळ ४ मिलिमीटर अंतर कापतो, आणि बसल्या जागी मान जराशी कलली तरी त्याहून अधिक फरक पडतो.

फिलिप्सच्या अभियंत्यांकडे तेव्हा १४-बिटची चिप तयार होती, तर प्रमाणक १६-बिटचे ठरले होते. त्यांनी सॅम्पलांचा दर चौपट करून १७६.४ किलोहर्ट्झवर नेला (हेच ओव्हरसॅम्पलिंग) आणि गोळाबेरजेतून उरणारी चूक पुढच्या सॅम्पलमध्ये वळती करून तो अनिष्ट आवाज श्रवणक्षेत्राबाहेर ढकलला. अशा रीतीने १४-बिटच्या चिपमधून १६-बिटच्या जवळपासचे काम घेतले गेले. या युक्तीचा दुसरा लाभ मोठा होता. मूळ दराने रूपांतर केल्यास संगीताच्या प्रतिमा, म्हणजे रूपांतरात उमटणाऱ्या अनाहूत नकला, २४.१ किलोहर्ट्झपासून सुरू होतात, म्हणजे २० किलोहर्ट्झपर्यंतचे सर्व सोडून लगेच पुढचे सर्व अडवणारे अतिशय तीव्र अॅनालॉग फिल्टर लागते. चौपट दराने त्या प्रतिमा १५६ किलोहर्ट्झच्याही पलीकडे जातात आणि सौम्य फिल्टर पुरते. आजचे जवळजवळ सर्व डॅक याच कल्पनेची पुढची पिढी आहेत.

तेव्हा ओव्हरसॅम्पलिंग वगळणे म्हणजे मुळाकडे परतणे नव्हे. ते वगळले आणि तीव्र फिल्टरही काढून टाकले, तर वरच्या प्रतिमा तशाच अँप्लिफायरकडे जातात आणि रूपांतराच्या पद्धतीमुळेच १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल व २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबल घट येते. ती घट तरुण कानांना ऐकू येण्याजोगी आहे. ‘मऊ’, ‘थकवा न आणणारा’ ही विशेषणे बहुधा तिचीच असतात. एखाद्याला हा स्वभाव आवडत असेल तर त्यात गैर काही नाही, कर्कश मुद्रणांना तो उपकारकही ठरतो. परंतु त्याला अचूकता म्हणता येणार नाही. फिलिप्सची टीडीए१५४१ ही १९८५ च्या सुमाराची चिप आजही सन्मानाने शोधली जाते आणि ती खरोखर उत्तम अभियांत्रिकी होती. मात्र आज तिच्याभोवतीचा प्लेअर चार दशकांचा झालेला असतो, त्यामुळे आपण चिपचा आवाज ऐकतो की वाळलेल्या कपॅसिटरांचा, हे आधी तपासून घ्यावे.

प्रश्न : चिपचे नाव पाहून डॅक निवडावा का?

उत्तर : निवडू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील असाही कासेईच्या कारखान्याला आग लागली आणि त्या कंपनीच्या चिप मिळेनाशा झाल्या, तेव्हा अनेक निर्मात्यांनी दुसऱ्या कंपन्यांच्या चिप घेऊन आपल्या उपकरणांची पुनर्रचना केली. चिपभोवतीचे वीजपुरवठा आणि आउटपुटचे सर्किट नीट असेल तर चिप कोणाची, याने ऐकण्यात फरक पडत नाही.

प्रश्न : माझ्या सीडींच्या फाइल संगणकात साठवून त्या यूएसबीने डॅकवर ऐकते. काही अल्बम सीडीपेक्षा फाइलमधून अधिक तीक्ष्ण वाटतात. फाइल करताना दर्जा घसरतो का?

उत्तर : फाइल नीट केली असेल तर घसरत नाही. अनेक प्रती काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या प्रतीची पडताळणी-संख्या त्याच सीडीच्या इतरांनी काढलेल्या प्रतींशी ताडून पाहण्याची सोय असते. ती जुळली की माहिती बिटागणिक सारखी आहे, हे निश्चित होते. फ्लॅकसारख्या पद्धतीने आकार कमी केला तरी वाजवताना मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळते. यूएसबी जोडणीत आजचे डॅक संगणकाला आपल्या क्लॉकप्रमाणे माहिती पाठवायला लावतात, त्यामुळे जिटरच्या दृष्टीने ती जोडणी प्लेअरच्या डिजिटल आउटपुटहून काकणभर सरसच असते.

आपला अनुभव मात्र काल्पनिक असेलच असे नाही. सीडीच्या पहिल्या दशकातील काही तबकड्यांवर ‘प्री-एम्फसिस’ वापरलेला आहे. मुद्रणाच्या वेळी साधारण ३ किलोहर्ट्झच्या वरचे सूर क्रमाने उंचावायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे, अशी ती योजना होती. २० किलोहर्ट्झला ही उंची साडेनऊ डेसिबलपर्यंत पोहोचते. उतरवण्याची सूचना तबकडीवरील उपसंकेतात असते आणि सीडी प्लेअर ती निमूटपणे पाळतो. फाइल करताना मात्र ही सूचना बहुधा हरवते. तीक्ष्ण वाटणारे अल्बम १९८० च्या दशकातील असतील, तर कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे. प्रती काढणारे सॉफ्टवेअर प्री-एम्फसिसची नोंद दाखवते का ते पाहावे आणि दाखवत असल्यास त्या फाइलवर उतरवण्याची प्रक्रिया एकदाच करून घ्यावी. काही स्वतंत्र डॅकदेखील ही सूचना दुर्लक्षितात. तेव्हा अशा तबकड्यांपुरता जुना प्लेअरच योग्य, असे म्हणावे लागते.

तीक्ष्ण अल्बम नव्या आवृत्तीचे असतील तर गोष्ट वेगळी. १९९० च्या दशकापासून पुनर्मुद्रणे अधिकाधिक मोठ्या पातळीवर करण्याची चढाओढ सुरू झाली आणि त्यात सॅम्पलांमधील शिखरे कमाल मर्यादेच्याही वर जाऊ लागली. डॅकच्या डिजिटल फिल्टरमध्ये त्यासाठी जागा राखलेली नसेल तर ती शिखरे कापली जातात. संगणकाच्या प्लेअर-सॉफ्टवेअरमध्ये पातळी ३ डेसिबल खाली ठेवली की बहुतेक वेळा हा दोष दूर होतो. २४-बिटच्या मार्गात तेवढ्या घटीने काहीही गमावले जात नाही.

प्रश्न : एसएसीडी (सीडीहून उच्च क्षमतेच्या मुद्रणाची तबकडी) प्लेअरला बाहेरचा डॅक जोडावा का?

उत्तर : ऑप्टिकल किंवा कोअॅक्शियल आउटपुटमधून एसएसीडीचा मूळ संकेत सहसा येतच नाही, तबकडीवर सीडीचाही थर असेल तर तोच मिळतो. एसएसीडी ऐकायची असेल तर प्लेअरचे अॅनालॉग आउटपुट वापरावे.

प्रश्न : माझा प्लेअर आता काही सीडी ओळखत नाही, काही मध्येच अडकतात. नवा प्लेअर घ्यावा की डॅक घ्यावा?

उत्तर : आपल्या प्लेअरचे दुखणे पहिल्या कामाचे, म्हणजे वाचनाचे आहे, आणि कितीही महागडा डॅक ते दूर करू शकत नाही. घरी नोंदवलेल्या सीडी आधी आणि छापील सीडी नंतर अडू लागल्या असतील, तर लेझर क्षीण झाला आहे किंवा भिंगावर धूळ बसली आहे, असे समजावे. भिंग जाणकाराकडून हळुवारपणे साफ करून घ्यावे. तरीही सुधारणा न झाल्यास वाचनयंत्रणा बदलता येते का याची चौकशी करावी. काही यंत्रणा अजून सुट्या मिळतात, काहींचे उत्पादन केव्हाच थांबले आहे.

दुरुस्ती शक्य नसेल तर निर्णय आपण काय ऐकता यावर अवलंबून राहील. केवळ सीडी ऐकत असाल, तर साधा, नवा, एकपेटी सीडी प्लेअर घेऊन मोकळे व्हावे; त्यातील डॅकची अचूकता कोणत्याही स्पीकरच्या आणि खोलीच्या अचूकतेहून कितीतरी पुढे असते. संगणक, दूरदर्शन संच आणि फोनवरील संगीतही त्याच ध्वनिसंचावर ऐकायचे असेल, तर अनेक इनपुट असलेला डॅक अधिक उपयोगी पडेल, आणि डिजिटल आउटपुट असलेला कोणताही चालू डीव्हीडी प्लेअर त्याला सीडी वाचून देण्याचे काम करू शकेल. असा प्लेअर जोडल्यावर डॅकच्या दर्शकावर ४४.१ किलोहर्ट्झ हाच आकडा उमटतो का, ते पाहावे. काही उपकरणे संकेत ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून पाठवतात आणि ती सुविधा सेटिंगमधून बंद करावी लागते.